बैलजोडीपासून सौरपंपापर्यंत : शेतीत ऊर्जा किती जाते आणि पिकतं किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपूर, काटोल, उमरेड, रामटेक, सावनेर इकडून कास्तकार, कृषीचे विद्यार्थी आणि शहरात राहून गावाकडचं वावर सांभाळणारे लोक फिरून फिरून जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका प्रश्नात सांगितलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही. तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शेतीतली ऊर्जा म्हणजे डिझेल आणि मोटरची वीज, एवढंच ना?

एवढंच नाही. डिझेल, वीज, बैलाचा जोर आणि माणसाची मेहनत ही वावरात डोळ्यांसमोर खर्च होणारी ऊर्जा. कारखान्यात आधीच खर्च होऊन गोणीत, बाटलीत किंवा लोखंडात बसून येते ती दुसरी: रासायनिक खत, कीटकनाशक, पीव्हीसी पाइप, ट्रॅक्टर. बहुतेक लोक पहिली मोजतात आणि दुसरी विसरतात. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतीत मात्र दुसरीच मोठी निघते (प्रश्न ५).

मोजायचं माप मेगाज्यूल. घाबरू नका, विजेचं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल.

२. एक लिटर डिझेल म्हणजे किती बैल, किती माणसं?

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल, म्हणजे १० युनिट उष्णता असते. इंजिन त्यातली तिसऱ्या हिश्श्याइतकीच कामाला लावतं, बाकी सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जाते. हाती उरतात तीन युनिट. चांगली बैलजोडी सुमारे एक हॉर्सपॉवर, म्हणजे पाऊण किलोवॅट जोर देते. सकाळी जुंपली आणि चार तासांनी सोडली, की तिचेही तीनच युनिट होतात. माणूस दिवसभर टिकेल असा जोर लावतो तो ६०-७० वॅटचा, आठ तासांत अर्धा युनिट.

थोडक्यात, शंभर रुपयांच्या आतलं एक लिटर डिझेल म्हणजे बैलजोडीची एक सकाळ किंवा पाच-सहा माणसांचा दिवस. मातीत चाक घसरतं, त्यामुळे नांगराच्या फाळापर्यंत याहून कमीच पोचतं. तरीसुद्धा हा आकडा एकदा मनात बसला की गेल्या साठ वर्षांत शेतीत जे घडलं त्याचं नवल वाटत नाही.

३. आमचे आजोबा म्हणायचे, एक एकर नांगरायला वीस किलोमीटर चालावं लागतं. खरं का?

खरं आहे, घरबसल्या ताळा करून पाहा. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. बैलाच्या नांगराचं तास वीस सेंटीमीटर रुंद धरलं तर एकर उलथायला वीस किलोमीटर लांब तास पडतं. बैल तेवढे चालतात आणि मागे रुमणं दाबून धरणारा माणूसही तेवढाच चालतो, तोही उन्हाळवाहीच्या ढेकळांतून. आपल्या भारी काळ्या जमिनीत हे एका दिवसात उरकत नसे. बैल दुपारी सोडावेच लागत.

४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर कल्टिव्हेटर लावून तेच एकर तासाभरात, चार-पाच लिटर डिझेलमध्ये मोकळं करतो. पलटी नांगराला वेळ आणि डिझेल दोन्ही जास्त लागतात.

४. बैल तर घरचा चारा खाऊन चालायचे. मग बैलाची शेती फुकट नव्हती का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक नाराज होतात तेही यावरच.

बैल काम करतो वर्षातले जेमतेम ऐंशी-शंभर दिवस, खातो मात्र तीनशे पासष्ट दिवस. एका बैलाला दिवसाला सात किलो कोरडी वैरण धरा. जोडीची वर्षाची वैरण झाली पाच टन. जुन्या उंच ज्वारीचा कडबा एकरी दोन टनांच्या आसपास मिळायचा, म्हणजे अडीच एकर ज्वारी बैलांसाठीच उभी असायची. दाणे माणसांचे, धाटं बैलांची. शिवाय कुटार आणि सरकीची ढेप वेगळी. त्या काळचं 'डिझेल' वावरातच पिकत होतं. ते फुकट नव्हतं, फक्त त्याचे रोख पैसे मोजावे लागत नव्हते.

मग १९८० नंतर विदर्भात सोयाबीन आलं आणि खरीप ज्वारी हटत गेली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि कडबा विकत घ्यावा लागला तेव्हा बैल परवडेनासे झाले. 'ट्रॅक्टर आला म्हणून बैल गेले' असं सगळे म्हणतात. माझ्या मते निम्मं काम सोयाबीननं केलं. उरलेलं सालगडी मिळेनासे झाले त्यानं.

आमच्याच घरी शेवटची जोडी विकली तेव्हा आईनं गोठ्यातल्या दाव्या काढू दिल्या नाहीत. आता पोळ्याला तिथे शेजाऱ्याची जोडी येते. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला नागपुरात लाकडी नंदी घेऊन मुलं निघतात. काही गल्ल्यांत त्या दिवशी जितके लाकडी बैल दिसतात, तितके खरे अख्ख्या गावात उरलेले नाहीत.

आकड्यांतही तेच दिसतं. १९६०-६१ मध्ये देशातल्या शेतीला हेक्टरी सुमारे ०.३ किलोवॅट जोर उपलब्ध होता, आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त माणसांचा आणि जनावरांचा होता. आता हेक्टरी सुमारे अडीच किलोवॅट आहे आणि नव्वद टक्के वाटा यंत्रांचा आणि मोटरींचा. साठ वर्षांत गोष्ट पूर्ण उलटी झाली.

५. युरियाच्या एका गोणीत किती ऊर्जा असते?

गोणी ४५ किलोची (२०१८ पर्यंत ५० ची यायची). युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीत २०.७ किलो. नत्राच्या एका किलोमागे आपल्याकडचे कृषी-अभियंते ६०.६ मेगाज्यूल धरतात. गोणीत झाले साडेबाराशे मेगाज्यूल. त्याच अभियंत्यांच्या कोष्टकात डिझेल लिटरला ५६.३१ आहे (विहिरीतून काढून, शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा खर्च धरून), म्हणून एक गोणी म्हणजे बावीस लिटर डिझेल. डोक्यावरून बांधावर नेतो ती पांढरी गोणी म्हणजे कॅनभर इंधनच.

असं का? हवेत नत्र भरपूर आहे, पण त्याचे अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पीक ते घेऊ शकत नाही. ते तोडून अमोनिया करायची युक्ती जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली, कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात उतरवली आणि १९१३ मध्ये ओप्पाऊला उत्पादन सुरू झालं. त्याला मोठा दाब, चारशे-पाचशे अंश तापमान आणि हायड्रोजनसाठी नैसर्गिक वायू लागतो. स्फुरदाला (किलोला ११.१) आणि पालाशाला (६.७) त्या मानानं फार कमी ऊर्जा लागते.

एका एकर कोरडवाहू कपाशीचा नमुना हिशेब पाहा. नत्र ४० किलो, स्फुरद आणि पालाश २०-२० किलो, डिझेल १० लिटर, माणसांचे ३५० तास, डवरणीला बैलजोडीचे १६ तास, थोडी फवारणी. बेरीज जाते सव्वाचार हजार मेगाज्यूलच्या घरात आणि त्यातलं पावणेतीन हजारांहून जास्त एकट्या खताचं. डिझेल साडेपाचशे. ट्रॅक्टरवाल्याशी तासाच्या भाड्यावरून आपण अर्धा तास घासाघीस करतो आणि एक गोणी युरिया 'पीक पिवळं दिसतंय' म्हणून सहज फेकतो. अनुदानामुळे गोणी पावणेतीनशेच्या आत मिळते, म्हणून ते खपून जातं.

६. ऊर्जा जास्त घातली की उत्पादन वाढतंच ना?

काही मर्यादेपर्यंत वाढतं, आणि ते कमी लेखू नये. देशात १९५०-५१ मध्ये धान्य पिकलं सुमारे ५ कोटी टन. २०२२-२३ मध्ये ३३ कोटी टनांच्या आसपास. पेरणीखालची जमीन १९७० नंतर जवळपास तेवढीच राहिली आहे. म्हणजे वाढ झाली ती एकरी: सुधारित आणि संकरित बियाणं, खत, पाणी आणि विजेमुळे.

पण टाकलेल्या प्रत्येक एककामागे परतावा किती, हे विचारलं की चित्र बदलतं. ज्वारीचं ढोबळ उदाहरण घ्या. घरचं बियाणं, बैल आणि शेणखतावर एकरी चार क्विंटल, म्हणजे दाण्यात ५,८८० मेगाज्यूल. घातले सुमारे हजार. एकाला सहा. संकरित ज्वारी, खत आणि ट्रॅक्टरवर दहा क्विंटल, म्हणजे १४,७००; घातले साडेतीन हजार. एकाला चार. गुणोत्तर घसरलं, पण हाती उरलेली ऊर्जा दुपटीहून जास्त झाली. पोट गुणोत्तरानं भरत नाही, त्यामुळे 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांनी दुसरा आकडाही वाचावा.

उलट बाजू कापसात दिसते. २००२ मध्ये बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा देशाची रुई हेक्टरी तीनशे किलोच्या आसपास होती. २०१३-१४ मध्ये ती साडेपाचशेच्या वर गेली. नंतर गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेना, आणि आज आपण साडेचारशेच्या आसपास आहोत. खत आणि फवारणी मात्र खाली आलेली नाही. विदर्भातली बहुतेक कपाशी पावसावर. ऑगस्टात वीस दिवस उघाड पडली की गोणीतलं नत्र मुळापर्यंत जातच नाही. पाणी नसेल तिथे ऊर्जा ओतून उपयोग नसतो.

७. उत्पादकता एकरी मोजायची की माणशी?

दोन्ही मोजा, पण एकमेकांत मिसळू नका. अमेरिकेत १८३० च्या सुमाराला शंभर बुशेल (सत्तावीस क्विंटल) गहू पिकवायला माणसांचे अडीचशे ते तीनशे तास जायचे. १९८० च्या दशकात तीन-चार तास पुरले. माणशी उत्पादकता शंभरपट झाली, एकरी वाढ त्याच्या जवळपासही नाही. यंत्र मुख्यतः माणसाचा वेळ वाचवतं. दाणा वाढवायचं काम बियाणं, खत आणि पाणी करतात.

दोन एकरवाल्याला तिसरं माप जास्त कामाचं आहे: रोख खर्चाच्या रुपयामागे किती? बैलाच्या काळी ऊर्जा घरची होती, पीक बुडालं तर मेहनत बुडायची. आता ऊर्जा उधारीवर येते, पीक बुडालं तर दुकानदाराचं बिल उभं राहतं.

८. सगळी मशीनं आली, कापूस वेचणीचं का नाही?

सोयाबीनची सोंगणी आणि मळणी हार्वेस्टर एका फेरीत उरकतो, कारण शेंगा एकदम वाळतात. आपली कपाशी तशी नाही. बोंडं खालून वर टप्प्याटप्प्यानं फुटतात, वेचे तीन-चार करावे लागतात, झाड पसरट वाढतं. मशीन एकदाच फिरणार; त्याला ठेंगणी, सरळ, दाट लावलेली आणि एकदम फुटणारी झाडं हवीत, आणि वेचणीआधी पानं गाळावी लागतात. नाहीतर कापसात काडीकचरा येतो आणि जिनिंगवाला भाव पाडतो. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था (स्थापना १९७६) दाट लागवडीवर काम करत आहे; दिशा तीच आहे.

तोवर किलोवर दर ठरवून बायाच वेचणार. हिशेबातली एक खटकणारी गोष्ट सांगतो: कोष्टकात पुरुषाचा तास १.९६ मेगाज्यूल आणि बाईचा १.५७ धरतात. शरीराच्या कॅलरीचा तो आकडा असेलही, पण वेचणीत सरासरी माणूस बाईच्या मागे ओळीत किती वेळ टिकतो ते दिवाळीनंतर कुठल्याही वावरात बघून घ्या.

९. माझ्या विहिरीला किती हॉर्सपॉवरची मोटर लागते आणि वीज किती जाते?

एक एकर ओलितात पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे दोन लाख लिटर. ते वीस मीटर उचलायला लागतात फक्त ११ युनिट. मोटर, पंप, पाइप आणि फूटवाल्व्ह मिळून निम्मी ऊर्जा खातात असं धरलं तर २२ युनिट. आणि जुनी रिवाइंड केलेली मोटर, कमी व्होल्टेज, अरुंद पाइप असेल तर ३५ च्या वर. पाणी साठ मीटरवर गेलं की हे सगळं तिप्पट. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांत विहिरी आटून बोअर खोल गेले, तिथे झाडं तीच असली तरी विजेचा खर्च कुठल्या कुठे गेला आहे.

मोटेशी तुलना करायची तर, दीडशे लिटरची मोट दहा मीटरवरून तासाला चाळीस खेपा म्हटलं तर सहा हजार लिटर. बैल धावेवरून उतरायचे, नाडा ताणायचा, पाणी थारोळ्यात पडायचं. तीनची मोटर वीस मीटरवरूनही त्याच्या तिप्पट-चौपट पाणी देते आणि थकत नाही.

मोठी मोटर घेण्याचा मोह टाळा. मला दुकानदारानं 'पाचची घ्या, आयुष्यभर बघायला नको' म्हणून पाचची दिली. विहिरीला झरा तेवढा नव्हता. दीड तासात पाणी तळाला, मोटर कोरडी, आणि दुसऱ्याच हंगामात वाइंडिंग जळलं. तीनची पुरली असती.

१०. ठिबक लावलं की वीज वाचते ना?

पाणी वाचतं. वीज कधी वाचते, कधी नाही. ठिबकला किलोभर दाब लागतो, म्हणजे पाणी आणखी दहा-बारा मीटर उचलल्यासारखंच. समजा पाणी चाळीस टक्के कमी लागलं.

वीस मीटर विहिरीवर पाटपाण्याला २०, ठिबकला (२०+१२) × ०.६ = १९. जवळपास सारखंच. साठ मीटर बोअरवर ६० ऐवजी ४३; इथे खरी बचत. आणि पेंचच्या कालव्याचं पाणी उतारानं आपोआप येतं, तिथे ठिबक लावलं तर शून्य होती ती वीज लागायला सुरू होते. मौदा-रामटेककडचे लोक हा प्रश्न विचारतात, त्यांनी पाणी आणि खत वाचवायला ठिबक लावावं, बिल वाचवायला नव्हे.

११. सौरपंप घेतला की ऊर्जा फुकट झाली का?

चालवायचा खर्च जवळपास शून्य, हे खरं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत (२०२४) शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ हॉर्सपॉवर. खरा फायदा मला वेगळा वाटतो: रात्रीचं ओलित सुटतं. हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत रात्री दोनला उठून जायचं, पायाखाली साप आणि धुऱ्यापलीकडे रानडुक्कर. पेंच-उमरेडच्या जंगलालगत तर वाघही.

अडचण अशी की फुकट ऊर्जा पाण्याला फुकट समजायला शिकवते. पंप दिवसभर चालू राहतो, कारण बंद करायला काही कारणच नाही. आणि पहाटे-संध्याकाळी तो पूर्ण जोर देत नाही, त्यामुळे ३ हॉर्सपॉवरचा पंप म्हणजे ३ हॉर्सपॉवर आठ तास, असा अर्थ काढू नका.

१२. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत वीजबिल माफ आहे. मग मी युनिट कशाला मोजू?

एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी ही माफी आहे, बरोबर. तुमचं बिल शून्य येतं, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची चिमणी मात्र बंद होत नाही. कोळशातली उष्णता जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरते आणि तारांतही गळते, म्हणून ऊर्जेच्या हिशेबात तुमच्या मोटरचं एक युनिट ३.६ ऐवजी ११.९३ मेगाज्यूल धरतात. तुमच्या फायद्याचं कारण सोपं आहे: युनिट वाढणं ही पाणी खोल गेल्याची किंवा पंप बिघडल्याची पहिली खूण असते (प्रश्न ९).

१३. कापूस आणि संत्र्यालाही 'एकाला किती' हे गुणोत्तर लावायचं?

लावू नका. कापूस खात नाहीत, आणि संत्रं कॅलरीसाठी कोणी घेत नाही. नागपुरी संत्र्याचा बाग ज्वारीशेजारी ठेवला तर तो नापासच होणार. तिथे ऊर्जेच्या एककामागे किती किलो किंवा किती रुपये, हे पाहा.

१४. सोयाबीनला ऊर्जा कमी लागते असं ऐकलं. मग तेच लावू का?

नत्र मुळावरच्या गाठी हवेतून घेतात, म्हणून गोणीचा मोठा आकडा (प्रश्न ५) निघून जातो. तुरीचंही तेच. पण ऊर्जा कमी म्हणजे नफा जास्त असं होत नाही. भाव पडले की हलकं पीकही जड होतं. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवा. सोयाबीन बुडालं तर तूर राहते.

१५. पऱ्हाटी जाळली तर ऊर्जा वाया गेली का?

वाळलेल्या पऱ्हाटीत (कपाशीच्या काड्यांत) किलोला १७-१८ मेगाज्यूल, म्हणजे हलक्या प्रतीच्या कोळशाइतकी उष्णता. धुऱ्यावर ढीग पेटवला की ती वाया जातेच. श्रेडरनं बारीक करून जमिनीत घाला किंवा ब्रिकेटवाल्याला द्या. मात्र वावरात उभी ठेवू नका. फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा कापूस) घेतली की गुलाबी बोंडअळीची पुढच्या वर्षाची सोय आपणच करतो.

१६. माझ्या वावराचा हिशेब मीच कसा काढू?

घरातल्या कॅलेंडरवर त्या-त्या तारखेच्या चौकटीत लिहीत जा: डिझेल किती लिटर, किती गोण्या, किती रोजी. वर्षाअखेर गुणा: डिझेल लिटर × ५६.३, वीज युनिट × ११.९३, माणसाचा तास × १.९६, बाईचा × १.५७, बैलजोडीचा तास × १०. खताचे आकडे प्रश्न ५ मध्ये आहेत. गोणीवरची टक्केवारी बघून आधी नत्र-स्फुरद-पालाशाचे किलो काढा. भाड्याच्या ट्रॅक्टरचं डिझेल तुम्ही भरत नाही, तरी मोजा. तास विचारून चार-पाचनं गुणा. शेणखत घरचं असेल तर वाहतुकीचं डिझेल तेवढं धरा.